पाच वॅट

"मामा, डोळे मिट आणि सांग, ह्यातला बरा कुठला?" असं म्हणून भाच्याने दुपारी तीन वाजता, म्हणजे फोंडा महालातला कुठलाही सभ्य माणूस पडून असतो अशा वेळी, गिटारची तार छेडली.

हॉलमध्ये लाद्यांवर तीन छोटे अॅम्प्लिफायर मांडलेले. तिन्ही व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांवर चालणारे. पहिला त्याच्या बोटीवरच्या मित्राने अमेरिकेतून आणलेला, फेंडर कंपनीच्या 'चॅम्प' नावाच्या जुन्या अॅम्पच्या आराखड्यावर बेतलेला, पाच वॅटचा. तो १२० व्होल्टवर चालणारा, म्हणून त्याच्या शेजारी व्होल्टेज उतरवणारा एक स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मुक्कामाला. दुसरा व्हॉक्सचा एसी-४, चार वॅट. तिसरा मार्शलचा, फक्त एक वॅट. तिन्ही उसने. ह्यांतल्या एकाच्या जातीचा विकत घ्यायचा आणि कुठल्या ते मी सांगायचं, कारण घरात विजेतलं मला कळतं अशी समजूत आहे. म्हणजे फ्यूज मी घालतो.

पाच वॅट हा आकडा ऐकून बायको निर्धास्त होती. देवखोलीतला झिरोचा बल्बसुद्धा नावाला झिरो, खातो पंधराएक वॅट. मग हा डबा ओरडून ओरडून ओरडणार किती? पहिल्याच फटक्याला ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. बल्बचे वॅट पोटात जाणारे, अॅम्पचे तोंडातून बाहेर पडणारे, हा फरक तिला समजावून सांगायची ती वेळ नव्हती. गिटारसाठीचे स्पीकर मोठे कानफाटे असतात. एका वॅटवर, मीटरभर अंतरावर, पंचाण्णव-शंभर डेसिबल ते सहज काढतात. आणि कानाचा हिशेब आणखी विचित्र: वॅट दसपट करावेत तेव्हा कुठे आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पन्नास वॅटवाला आमच्या पाचवाल्याच्या फक्त दुप्पट. मधले पंचेचाळीस वॅट उचलायचे कंबरेने.

तरी ही पोरं लहान अॅम्पच्या मागे लागतात ती शेजारधर्म म्हणून नव्हे. त्यांना हवा असलेला सूर अॅम्पची आवाजाची खुंटी पार शेवटाला नेल्यावरच निघतो. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपलीकडे रेटलं की आवाजाच्या लाटेची टोकं चेपली जातात, आणि मूळ सुरात कोणी न बोलावलेले वरचे सूर येऊन बसतात. पन्नास वॅटचा अॅम्प त्या टोकाला न्यायचा तर वाडा, म्हणजे आमची सगळी वस्ती, रिकामा करावा लागेल. पाचवाला लवकर दमतो. त्याचं दमणं ऐकण्यासाठीच त्याला घ्यायचं.

आमच्या लहानपणी ह्यालाच "रेडिओ फाटला" म्हणायचे आणि दुरुस्तीला न्यायचे.

मी डोळे मिटले नाहीत. उठून अॅम्पच्या मागे गेलो. ही माझी जुनी खोड. फ्रिज असो, शिलाई यंत्र असो, मखर असो, मला आधी पाठ बघायची असते. पुढची बाजू काय, विकणाऱ्याने आपल्यासाठी सजवलेली. मागे कोणी बघणार नाही अशा हिशेबाने ठेवलेलं सगळं असतं. गणपतीच्या मखरामागे गेल्यावर लहानपणी मला थर्माकोलपेक्षा सुतळी, खिळे आणि वर्तमानपत्राचे बोळे जास्त आवडायचे. (मोठे लोक ओरडायचे. सोवळ्याचं निमित्त असायचं.)

ही खोड लागली आजोबांच्या रेडिओपासून. ग्रुंडिगचा, पोर्तुगीज अमदानीत घेतलेला. तेव्हा गोव्यात जर्मन-डच माल असा सर्रास येत असे. १९४६ साली सुरू झालेल्या 'एमिसोरा द गोवा'वर काय काय ऐकलं त्याच्या गोष्टी आजोबा सांगत. माझ्या वाट्याला आलं ते आकाशवाणीचं पणजी केंद्र आणि बाकी खरखर. रेडिओ भिंतीतल्या फळीवर, अंगावर आजीने विणलेला रुमाल. आजोबा बटण दाबत आणि रेडिओकडे न बघता पानाचा डबा उघडत. देठ खुडायचा, चुना लावायचा, सुपारी कातरायची. विडा तोंडात जायला आणि रेडिओला कंठ फुटायला एकच गाठ. आधी नुसती घूं, मग कुठून तरी लांबून माणूस बोलत जवळ येई. काचेमागचा हिरवा डोळा हळूहळू मिटत आला की स्टेशन लागलं. लगेच बोलणारी यंत्रं मला आजही जरा उथळ वाटतात, त्याला हा रेडिओ जबाबदार.

मागे भोकाभोकांचा हार्डबोर्ड. मी स्टुलावर चढून एक डोळा भोकाला लावायचो. आत व्हॉल्व्हची काच, काचेच्या टोकाला चांदीसारखा डाग, पोटात नारिंगी धग. तापलेल्या धुळीचा आणि व्हार्निशचा वास. तळाला पाकोळ्यांचे पंख. एक पाल तिथे वर्षानुवर्षं राहत असे आणि नाट्यगीतं लागली की चुकचुकते, असं आजीचं म्हणणं होतं. रेडिओची पाठ उबदार असते हे आईने हेरलं होतं. पावसाळ्यात काडेपेटी सादळते. ती आई रेडिओच्या डोक्यावर, रुमालाखाली ठेवायची. आजोबांना बातम्या मिळत, चुलीला कोरडी काडी. श्रावणात रेडिओ मुख्यत्वे कोणासाठी चालू असे ह्यावर घरात दोन मतं होती.

तर मी व्हॉक्सच्या मागे वाकलो आणि जाळीतून बघितलं तर आत ईएल-८४. फिलिप्सने १९५३ साली काढलेला व्हॉल्व्ह, रेडिओच्या आणि ग्रामोफोनच्या शेवटच्या टप्प्यासाठी. आजोबांच्या रेडिओच्या काळातल्या कितीतरी सेटांत स्पीकर हलवणारा गडी हाच. चॅम्पमधला ६व्ही६ तर त्याहून जुना, तीसच्या दशकातला, तोही रेडिओचाच. गिटारवाल्यांनी स्वतःसाठी असं काही वेगळं घडवलंच नव्हतं. रेडिओचं शेपूट कापून घेतलं आणि त्याला खुंटी लावली. ज्या इंजिनियरांनी आवाज फाटू नये म्हणून हे व्हॉल्व्ह काढले, त्यांना आज ते फाटण्यासाठी विकले जातात हे कळलं तर ते काय म्हणतील, हा विचार मी पुढे नेणार होतो, पण भाचा म्हणाला, "मामा, पुढे येऊन बस मरे, पाठीमागून काय ऐकतोस?"

पुढे येऊन बसलो. "भैरवी वाजव," म्हटलं. तो लग्नाच्या बँडात वाजवतो, भैरवी त्याला चार पट्ट्यांच्या हिशेबाने येते. पण आली. आधी स्वच्छ वाजवली, मग खुंटी शेवटाला नेऊन. एक गोष्ट मला तेव्हा नीट ऐकू आली. फाटलेल्या आवाजात एकेकटा सूर सुंदर लांबतो. षड्ज-पंचम जोडीने वाजवले तर तंबोऱ्यासारखं भरून येतं. मध्ये गंधार घातला की सगळं गढूळ. सूर एकमेकांत मिसळून आपल्या बेरजा-वजाबाक्या तयार करतात, आणि षड्ज-पंचमाच्या बेरजा-वजाबाक्या घरातच राहतात. गंधाराच्या भलत्याच गावाला जातात. म्हणून ते रॉकवाले दोनच सुरांवर इतका आरडाओरडा करतात. ते भाच्याला ठाऊक होतं, आणि एवढी साधी गोष्ट मला आज कळावी ह्याचं त्याला आश्चर्य वाटलं.

तिघांची तुलना म्हणाल तर चॅम्प गोड. आठ इंची स्पीकर, त्यामुळे खर्जात गेला की पोट गळाल्यासारखा होतो, पण मधल्या सप्तकात गोल, जरा नाकातला. एकच खुंटी, आवाजाची. मला हे फार आवडलं. ज्या वस्तूला एकच खुंटी असते तिच्याशी भांडता येत नाही. व्हॉक्स चपळ आणि टोकदार, तारेचा खणका अंगावर येतो. मार्शल सगळ्यांत समजूतदार, खुंट्या पुष्कळ, आवाज आधीच्या टप्प्यावर फाडून नंतर लहान करायची सोय. त्याच्यात मोठा पॉवर व्हॉल्व्हच नाही. ईसीसी-८२ नावाचा चिमुकला व्हॉल्व्ह ते काम भागवतो. रात्री दहानंतर वाजवण्याजोगा तेवढाच. पण इतकं समजूतदार काही ऐकलं की मला झोप येते.

चॅम्प आणि व्हॉक्स ह्या दोघांत शेवटाला एकच पॉवर व्हॉल्व्ह असतो, हीच मोठी खुबी. मोठ्यांत दोन असतात, ते वायनात दोघींनी मुसळ घालावं तसे आळीपाळीने काम करतात; एक वर, एक खाली. इथे एकटाच. लाटेचा चढही त्याचा आणि उतारही. त्यासाठी बिचाऱ्याला सतत पूर्ण प्रवाह अंगावर घेऊन उभं राहावं लागतं, तुम्ही वाजवा की चहा प्या. ईएल-८४ ची नुसती वात तापवायला पावणेपाच वॅट लागतात, आणि बाहेर आवाज पडतो चार वॅटचा. विजेचं बिल भरणाऱ्या माणसाने हे कोणाला सांगू नये.

संध्याकाळी सातच्या सुमारास मात्र चॅम्प बदलला. भाचा म्हणाला, "मऊ झाला." मला कारण लगेच कळलं: वाड्यावरचे पंप चालू झाले होते. व्होल्टेज बसतं तेव्हा ट्यूबलाइट कुरकुरते, पंखा रेंगाळतो, आणि व्हॉल्व्हचा अॅम्प लवकर फाटायला लागतो. चॅम्पमध्ये विजेला एकाच दिशेने सोडणाऱ्या डायोडच्या जागीही ५वाय३ नावाचा व्हॉल्व्ह असतो. जोरात तार मारली की आतलं व्होल्टेज क्षणभर खचतं आणि पुन्हा भरतं. सूर आधी दबतो, मग फुलतो. त्यात वाड्याचं खचणं मिळालं. अमेरिकेत एडी व्हॅन हेलन नावाचा गिटारवाला हा परिणाम साधायला व्हेरिअॅक लावून व्होल्टेज मुद्दाम उतरवायचा. आमच्याकडे त्याला शेजाऱ्याची बाग शिंपून मिळाली असती.

बायकोचा निकष निराळा. तिने तिन्ही उचलून पाहिले आणि मूठ कोणाची बरी ते सांगितलं. चवथीला हा हॉल रिकामा करावा लागतो, माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची मांडणी, बांधायची असते, तेव्हा वाद्य-बिद्य काय ते एका हाताने माळ्यावर जायला हवं. आणि स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर ह्या घरात नको, त्याच्यावर कोणीतरी पाय आपटणार. झालं, चॅम्प बाद. मी त्याच्या बाजूने थोडं बोललो. फारसं नाही.

भाच्याची पुढची चिंता व्हॉल्व्ह गेला तर मिळणार कुठे. एके काळी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे व्हॉल्व्ह बनत. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या खणात खोक्यांची चळत असे. आता स्लोव्हाकिया, रशिया, चीन असे बोटांवर मोजण्याइतके कारखाने उरलेत आणि ते मुख्यत्वे गिटारवाल्यांवर आणि जुन्या पद्धतीच्या हाय-फायवाल्यांवर जगतात. मागवले तर येतात. बदलताना काय काळजी घ्यायची ते त्याने विचारलं, आणि तिथे मी उठून बसलो.

फोंड्याच्या बाजारात एक रेडिओवाला होता. आजोबांबरोबर मी त्याच्याकडे जायचो. तो चालू रेडिओत स्क्रू-ड्रायव्हर घालायचा तो कायम उजव्या हाताने. डावा हात पँटच्या खिशात. पेन्सिलीच्या लाकडी टोकाने एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारायचा, खरखरला तो नासका. डावा हात तेव्हाही खिशात. मला ती ऐट वाटायची. घरी येऊन मीही एक हात चड्डीच्या खिशात घालून फिरायचो. तो एक दिवस म्हणाला, "बाबू, दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघतो. वाटेत काळीज असतं."

ह्या खेळण्यांच्या पोटात तीनशे-साडेतीनशे व्होल्ट असतात. प्लग काढून ठेवला तरी कपॅसिटर ते बराच वेळ धरून बसतात. व्हॉल्व्ह बदलायचा तर बंद करून, गार होऊ देऊन, बाहेरून ओढून काढायचा; चासी, म्हणजे आतली पत्र्याची पेटी, उघडायची नाही. उघडायचीच वेळ आली तर जाणत्याकडे न्यायचा, यूट्यूब बघून नाही. हे मी भाच्याला सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. त्याने मान हलवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजत होता, तेव्हा ती मान माझ्यासाठी होती की फोनसाठी, कोण जाणे.