नागपूरचा उन्हाळा, वरचा मजला आणि एका खोलीचा एसी

एसी घ्यायचं ठरलं आणि घरात पहिला वाद झाला तो खोलीवरून. नागपुरात त्रिमूर्तीनगरला आमचं दुमजली घर आहे. राहतो वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. सासूसासऱ्यांची झोपायची खोली पश्चिमेला, त्यामुळे एसी तिथेच लागणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला ते पटत नव्हतं. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ज्या भिंतीवर ऊन असतं, ती भिंत रात्रभर आत उष्णता सोडते. अशा खोलीत एसी लावला तर तो माणसांना कमी आणि भिंतीला जास्त थंड करत बसतो.

एसी चैनीसाठी नव्हताच. सासूबाई सत्तरीच्या पुढे, बीपीची गोळी रोजची. आदल्या मे महिन्यात त्यांना चक्कर आली ती भरदुपारी उन्हात नव्हे, रात्री, घरात, पलंगावर. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घाम कमी येतो आणि खोली रात्रीही निवली नाही तर शरीराला उसंतच मिळत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, निदान रात्रीचे सात-आठ तास यांना थंड जागा हवी. नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता, तो विक्रम इथे सगळ्यांना पाठ आहे. पण घरातल्या म्हाताऱ्यांना दुपारच्या आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, रात्र छळते.

ईशान्येला एक लहान खोली होती. दहा बाय अकराची, एकच खिडकी, उन्हाच्या वेळी सावलीत. तिच्यात पुस्तकं, शिलाई मशीन आणि जुन्या गाद्या. ती रिकामी केली. बाबा म्हणाले, "इतकी वर्षं त्या खोलीत झोपलो, आता अडगळीत पाठवता का?" मी म्हटलं, "बाबा, फक्त होळीपासून पाऊस पडेपर्यंत. मग पलंग परत तिकडे." तेवढ्यावर ते तयार झाले.

मग गच्ची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात पैशाचं सर्वांत चीज जर कुठे झालं असेल तर ते गच्चीवर, आणि तिथला खर्च एसीच्या तुलनेत नगण्य. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता खाली उतरायला काही तास लागतात. म्हणूनच वरच्या मजल्याचं छत दुपारी बारापेक्षा संध्याकाळी सातला जास्त तापलेलं असतं. स्टुलावर चढून छताला तळहात लावला की हे लगेच कळतं. या तापलेल्या छताखाली हवा २४ अंशांची केली तरी अंगाची काहिली थांबत नाही, कारण छताची धग सरळ अंगावर येत राहते. मग माणूस रिमोट दाबत २२, २० आणि १८ वर जातो. छत थंड असेल तर २७ लाही बरं वाटतं. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं गणित सोपं होतं.

मार्चच्या सुरुवातीला आम्ही चुना मारला. चुना आदल्या रात्री मोठ्या ड्रममध्ये भिजवला, सकाळी कापडातून गाळला, त्यात व्हाइट सिमेंट आणि चिकटपणासाठी फेविकॉल. गच्ची झाडून, धुऊन, ओलसर असतानाच ऊन उतरल्यावर पहिला हात. भर उन्हात मारला तर चुना धरायच्या आधीच सुकतो आणि पापुद्रे सुटतात. दुसरा हात पुढच्या संध्याकाळी, पहिल्याला आडवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करायचं, डोळ्यात चुना गेला तर फार वाईट. बाजारात पांढरे उष्णतारोधक रंग मिळतात, ते जास्त टिकतात पण महाग पडतात. चुना पावसात बराचसा धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, त्याची तयारी ठेवायची. अहमदाबादेत आणि हैदराबादेत छतं पांढरी करायचे कार्यक्रम सरकारी पातळीवर झाले आहेत. आपल्या विदर्भात घरोघर हे का होत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

खोलीत घड्याळाएवढं एक थर्मामीटर टांगलं होतं, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं. चुना मारायच्या आधीच्या संध्याकाळा आणि नंतरच्या, बाहेर साधारण सारखाच पारा असताना, ताडून पाहिल्या. तीनेक अंशांचा फरक होता. एसी अजून घरात यायचाच होता.

दुकानात गेलो तर विक्रेता म्हणाला, "ताई, टॉप फ्लोअर आहे, दोन टनच घ्या." एक टन म्हणजे खोलीतली साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकायची ताकद. पण ही ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. आमच्याकडे मे महिन्यात ३५ सकाळीच ओलांडला जातो. बाहेर ४५ झाले की तोच एसी कमी गारवा देतो आणि वीज जास्त ओढतो. खोक्यावर '५२ अंशांवरही चालतो' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो बंद पडत नाही इतकाच. पूर्ण टन मिळेल असं त्यात म्हटलेलं नसतं. म्हणून विचारायचं ते हे, की ४६ अंशांना याची क्षमता किती राहते. चांगल्या मॉडेलच्या माहितीपत्रकात तो आकडा असतो. एवढ्या लहान खोलीला एरवी एक टन पुरला असता. स्लॅब आणि मे महिना धरून आम्ही दीड टनाचा, पंचतारांकित, इन्व्हर्टर (म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) एसी घेतला. चुना नसता तर कदाचित विक्रेत्याचं ऐकावं लागलं असतं.

ताऱ्यांच्या लेबलवर दोन गोष्टी वाचाव्यात. एक म्हणजे वर्ष. हे तारे देणारा केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो अधूनमधून निकष कडक करतो. जुलै २०२२ मध्ये केले तेव्हा जुना पाच तारे असलेला एसी नव्या मोजपट्टीवर चार ताऱ्यांचा झाला. दुकानात जुना माल असतोच. दुसरी गोष्ट वार्षिक युनिट. तो आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. आमच्या लेबलवर आठशेच्या आसपास युनिट होते, म्हणजे तासाला सरासरी अर्धं युनिट. नवतपात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) एवढ्यावर भागत नाही, पण घासाघीस करताना हा आकडा समोर असलेला बरा.

बसवायला आलेला मुलगा हुशार होता. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या बाल्कनीत ग्रिलच्या आत ठेवणं त्याला सोपं होतं, कारण उभं राहायला जागा होती. पण बंदिस्त जागेत ते युनिट स्वतःचीच फेकलेली गरम हवा परत ओढतं. आम्ही ते उत्तरेच्या भिंतीवर ब्रॅकेटवर लावून घेतलं, मागे फूटभर जागा, पुढे पूर्ण मोकळं. तांब्याचा पाइपही त्यामुळे आखूड लागला. पाइप जोडून झाल्यावर मी विचारलं, "भाऊ, व्हॅक्यूम करणार ना?" त्याने पिशवीतून पंप काढला. पाइपमधली हवा आणि बाष्प पंपाने ओढून काढायचं असतं. घाईत काही जण एसीतलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात आणि मोकळे होतात. बाष्प आत राहिलं तर गारवा कमी पडतो आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही. गेजचा काटा खाली जाऊन तिथेच थांबलाय हे त्याने मला दाखवलं, पंप बंद करून थोडा वेळ वाट पाहिली, काटा हलला नाही, मग गॅस सोडला. पाव तासाचं काम, पण समोर उभं राहून करून घ्यावं असं. वायरिंग त्याआधीच बदललं होतं. जुन्या घरातल्या साध्या प्लगवर एसी लावू नये. मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच).

रोजचा क्रम बसायला थोडे दिवस गेले. पहाटे पाचला घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या. मे महिन्यातही तो दीड-दोन तासांचा वारा फुकटचा गारवा असतो. साडेसातला सगळं बंद, पडदे ओढलेले. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून हिरवी नेट. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची नेट किती तरी उपयोगी, कारण ऊन काचेतून आत आलं की आलंच. दिवसभर हॉलमध्ये कूलर. विदर्भाची हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर दोनशे वॅटमध्ये जे करतो त्यासाठी एसीला हजार-दीड हजार लागतात. इथल्या माणसाने कूलर मोडीत काढून सगळीकडे एसी लावावा हे मला मुळीच पटत नाही. फक्त कूलरला समोरची एक खिडकी उघडी लागते, नाहीतर घर दमट होतं. आणि कूलर व एसी एका खोलीत कधीच एकत्र नाही. कूलर हवेत पाणी टाकणार आणि एसी तेच पाणी काढण्यात वीज घालवणार.

एसी दुपारी दोन तास आणि रात्री दहा ते पहाटे. २०२० पासून नवीन एसी सुरू केला की आपोआप २४ वर येतो. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतो. आम्ही २७ ठेवतो, पंखा एकवर. पण पंखा लगेच लावत नाही. छताखाली साचलेली गरम हवा तो खाली फेकतो, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त एसी. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. रात्री स्लीप मोड. सुरुवातीला सासूबाई थोड्या थोड्या वेळाने एसी बंद करायच्या, बिलाच्या धास्तीने. इन्व्हर्टर एसी खोली गार झाली की स्वतःच मंदावतो, सारखा चालू-बंद केला तर दरवेळी पुन्हा जोर लावतो. हे बाबांनीच त्यांना मीटर दाखवून पटवलं. ते रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटरचं रीडिंग डायरीत लिहायचे. बंद-चालू केलेली रात्र आणि सलग चाललेली रात्र शेजारी शेजारी लिहिली की आईंना वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्या रात्रीपासून रिमोटला हात नाही.

बिलाचं म्हणाल तर महावितरणचे टप्पे ओळखून घ्या: शंभर युनिटपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याला दर चढतो, वर १६ टक्के वीज शुल्क. घराचा नेहमीचा वापर खालचे टप्पे भरून टाकतो, म्हणजे एसीचं जवळजवळ प्रत्येक युनिट वरच्या दराने पडतं. म्हणूनच महिन्याच्या मध्यावर बाबांची डायरी बघायची आणि पाचशेच्या आत राहायचं, हा आमचा नेम होता. त्यासाठी इस्त्री आठवड्यातून एकदाच आणि गीझर बंद (नागपुरात एप्रिलमध्ये टाकीचं पाणी तसंही हात भाजेल इतकं गरम येतं). मेचं बिल पाचशेच्या आतच आलं. बाबांनी ते डायरीत पिन लावून ठेवलं आहे.

मे महिन्यातच, ४५ च्या वरचे दिवस चालू असताना, एसी अचानक ढिला पडला. रात्री अकरा वाजले तरी खोली ३० च्या खाली येईना. फोन केला तर उत्तर मिळालं, "गॅस कमी झाला असेल, भरावा लागेल." एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो, कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो. मी म्हटलं, आधी येऊन बघा, प्रेशर मोजा. तो यायच्या आधी आम्हीही गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. बाहेरच्या युनिटच्या मागच्या जाळीवर पांढरी, दाट गादीच बसली होती. मागच्या प्लॉटवर सावरीचं झाड आहे, त्याचा कापूस त्या दिवसांत उडत असतो आणि वर धूळ. युनिटला श्वासच घेता येत नव्हता. मुलगा आला, मेन स्विच बंद केला, मऊ ब्रशने कापूस काढला आणि पाइपने हळू पाणी मारून पत्रे धुतले. प्रेशर मोजलं तर बरोबर. रात्री खोली अर्ध्या तासात २७. तेव्हापासून त्या मोसमात आठवड्याला एकदा जाळीवर नजर आणि दर पंधरा दिवसांनी आतला फिल्टर नळाखाली. बाहेरच्या युनिटवर गारव्यासाठी रोज पाणी शिंपडायचा सल्ला बरेच जण देतात, पण बोअरच्या पाण्याचे क्षार त्या पत्र्यांवर बसतात. तो आम्ही ऐकला नाही.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवा बदलली. मे महिन्यात एसीच्या ड्रेनखाली ठेवलेल्या बादलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. हवेत काढण्याजोगं पाणीच नव्हतं. पहिल्या सरीनंतर तीच बादली सकाळी काठोकाठ. थर्मामीटरवर अंश उतरले आणि आर्द्रता सत्तरीपार. आता कूलर निरुपयोगी, त्याची टाकी रिकामी करून, पुसून, ताट्या काढून ठेवल्या. एसी ड्राय मोडवर, तोही झोपताना तास-दोन तासच. बादलीचं पाणी फरशी पुसायला.

पलंग ठरल्याप्रमाणे पश्चिमेच्या खोलीत परत गेला. त्या खोलीचं काम मात्र अजून बाकी आहे. भिंतीला बाहेरून हातभर अंतर ठेवून बांबूच्या चटया बांधायच्या आहेत, म्हणजे मधून वारा खेळेल. सुताराला माप देऊन ठेवलं आहे. फेब्रुवारीत चुन्याचं सामान आणायला जाऊ तेव्हाच बांबूही आणायचे.