कोणता गजू?

आमच्या गावात पाच गजानन आहेत. विदर्भातल्या गावाला हे काही जास्त नाहीत. शेगावच्या महाराजांना बोललेला नवस फळला की पोराचं नाव ठरलेलंच असतं. आडनावावरून ओळखावं म्हटलं तर अर्धं गाव राऊत. म्हणून ट्रॅक्टरवाला तो काळा गजू, लाइनमन तो गोरा गजू, किराणा दुकानवाला बुटका गजू आणि आषाढीला पायी पंढरपूरला जातो तो माळकरी गजू. पाचव्याला मात्र कोणी काही जोडत नाही. चाळीस एकर ओलिताची जमीन आहे, दारात जीप आहे. तो चालतो फेंगडा, अगदी लांबून ओळखू येईल इतका. पण फेंगडा गजू असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते गजाननराव.

शाळेत मी तीस वर्षं पोरांना विशेषण शिकवलं. नामाबद्दल विशेष माहिती सांगतं ते विशेषण. ते कोणाला लागतं आणि कोणाला लागत नाही, याकडं माझं लक्ष गेलं ते रिटायर झाल्यावर, आणि तेही पुतणीमुळं.

पुतणी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. मागच्या दिवाळीला आली ती तीन महिने अमेरिकेत राहून. चकल्या करायला बसली, हात पिठात बरबटलेले, आणि फोन दिला माझ्या मायच्या हातात. फोटोत दहा-बारा जण कुठल्याशा हॉटेलात उभे होते.

"आजी, त्यात माझा साहेब आहे बघ. फार चांगला माणूस. मला ताप आला तर घरी सूप घेऊन आला होता."

"कोनता वं?"

"मागं उभा आहे तो. निळा शर्ट."

"निळ्या शर्टाचे तं तीन हायेत."

"चष्मेवाला गं."

"चष्मा तं सगळ्यायलेच हाये."

"उंच आहे, हसतोय. डावीकडून तिसरा. का चौथा?"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मायला जवळचं धड दिसत नाही. तिनं फोन हातभर लांब धरला आणि बोटानं मोजायला लागली. मला साहेब केव्हाच सापडला होता. पण पोरगी कुठवर वळसा घालते ते पाहावं म्हणून मी गप्प बसलो. शेवटी मायच म्हणाली, "थो काळा का?"

सोऱ्या अर्ध्या वेढ्यावर थांबला. "आजी!"

"काय आजी? मंग पयलेच सांगाचं ना. एवढी फिरून काहून रायली? एकच तं हाये त्यात."

माय चुकीचं काही बोलली नव्हती, हे पुतणीलाही कळत होतं. ती हसलीही. मग मला म्हणाली, "काका, तिकडं लोक स्वतःला 'ब्लॅक' म्हणतात. मोठी वर्तमानपत्रं तर 2020 पासून तो शब्द मोठ्या 'बी'नं लिहितात, मानानं." मी म्हटलं, आपल्या लिपीत मोठं अक्षरच नाही, मग आपण मान कुठून आणायचा? आणि त्यांना चालतो तर तुझं कुठं अडलं? ती थोडा वेळ चकली वळत राहिली. "त्यांनी म्हणणं वेगळं. मी मराठीत 'काळा' म्हटलं ना, की त्याच्या मागं आपल्याकडचं सगळं येतं."

आपल्याकडचं सगळं म्हणजे काय, ते मला सांगायला नको. इकडं काळा हा शब्द जमिनीला लागला की भाव वाढतो आणि पोरीला लागला की हुंडा. काळी, भारी, कसदार रान असलं तर माणूस छाती काढून सांगतो. पोरीच्या बायोडाट्यात मात्र रंगाच्या रकान्यात 'काळा' लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथं गव्हाळ असतं, सावळा असतं, आणि सगळ्यांत लाडका शब्द म्हणजे निमगोरा. निमगोरा म्हणजे किती गोरा हे कोणी विचारत नाही, पाहुणे पोहे खाऊन काय ते समजून घेतात. जपून बोलणं पुण्याच्या कंपन्यांनी शोधून काढलं असं वाटत असेल त्यानं आमच्याकडचे दहा बायोडाटे वाचावेत. 2020 साली फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. बुटक्या गजूच्या दुकानात पोरी अजून 'फेरनलवली'च मागतात आणि तो नवी पुडी काढून देतो. नाव बदलल्यानं त्याचा ना तोटा झाला ना फायदा.

आणि कोणी रंगावरून टोकलं की आपण विठोबाला पुढं करतो. सावळा, काळा, कानडा, किती कौतुक! सून पाहायला निघालेल्या माणसाला विठोबा आठवलेला मला तरी माहीत नाही.

पुतणीनं मग डॅरेन सॅमीची गोष्ट सांगितली. वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार, दोनदा टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलेला. भारतात खेळत असताना त्याला सोबतचे 'कालू' म्हणायचे. त्याला वाटायचं, तगडा घोडा असा काहीतरी अर्थ असेल. तोही हसायचा. खरा अर्थ त्याला कळला 2020 मध्ये. ते ऐकून मला आमच्या वर्गातला एक पोरगा आठवला. त्याला सगळे 'कोळसा' म्हणायचे आणि हजेरीला तो हसतच 'हजर' म्हणायचा. मी त्याला कधी कोळसा म्हटलं नाही. पण म्हणणाऱ्यांना कधी थांबवलंही नाही. हसतोय म्हणजे चालत असेल, असं धरून चाललो.

गाव तोंडावर बोलतं, शहर मनात ठेवतं, असं आम्ही खेड्यातले लोक फुशारकीनं सांगतो. ते अर्धंच खरं आहे. आम्ही रंग, उंची, टक्कल, तोतरेपणा सगळं तोंडावर बोलतो. जात मात्र नाही. ती आमच्याकडं हनुवटीनं दाखवतात. "कोनाकडचा पोरगा?" "तिकडचा," आणि हनुवटी नाल्याच्या दिशेनं वर. 'त्यायच्यातले', 'आपल्यातले', 'आडनावावरून समजून घ्या'. एवढी सभ्य भाषा आहे! 1989 च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यानं जीभ पुष्कळ वळवली हे मान्यच केलं पाहिजे, हनुवटी काही वळली नाही. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावं सुचवली. आमच्याकडंही पाटी लागली, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. म्हातारी माणसं अजून 'तिकडं'च म्हणतात. पण ऑटोवाली पोरं 'समतानगर, समतानगर' ओरडतात, आणि ते ऐकायला बरं वाटतं हे मी नाकारणार नाही.

शब्द नुसता गोड असून भागत नाही, तो दिला कोणी हेही पाहावं लागतं. 'हरिजन' काय कमी गोड होता? गांधीजींनी तो आपुलकीनंच रुजवला. तरी 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात त्याच शब्दावरून बाबासाहेब आपल्या सदस्यांना घेऊन सभागृहाबाहेर पडले. ज्यांना लावायचा त्यांनाच तो नको होता.

हे सगळं मी पुतणीला मोठ्या ऐटीत सांगितलं. पुढच्या आठवड्यात माझीच फजिती झाली.

गव्हासाठी रान तयार करायला काळा गजू ट्रॅक्टर घेऊन आला होता. दुपारी त्याचा फोन कुठंतरी पडला. "मास्तर, तुमच्या फोनावरून रिंग द्या बरं." मी नंबर लावला आणि फोन त्याच्याच हाती दिला. तो कान टवकारून धुऱ्याधुऱ्यानं चालत गेला. बाभळीखाली, ज्वारीची भाकर बांधून आणलेल्या फडक्यात फोन वाजत होता. तो वाकला, उचलला आणि तसाच उभा राहिला. दोन हातांत दोन फोन. मी जवळ गेलो. माझ्या फोनवर मोठ्या अक्षरात होतं, 'काळा गजू ट्रॅक्टर'. त्याच्या फोनवर होतं, 'मास्तर'.

"हे म्या व्हय?" त्यानं विचारलं.

"अरे, पाच गजानन ना रे गावात. गोंधळ होतो."

"तोंडानं म्हनतेत थे म्हनतेत. तुमी तं छापूनच ठेवलं." हसला, फोन परत दिला, ट्रॅक्टरवर चढला.

गावात मास्तर आम्ही चौघं आहोत. त्यात जाडा मीच. टकलाही मीच. त्यानं नुसतं 'मास्तर' लिहिलं होतं आणि त्याचा कधी गोंधळ झाला नव्हता. रात्री मी त्याचं नाव काढून 'काळा' खोडलं. 'गजू ट्रॅक्टर' उरलं. गावात ट्रॅक्टर असलेला गजू तो एकटाच आहे. मला त्या शब्दाची गरज कधी नव्हतीच.

डिसेंबरात आम्ही दोघं यवतमाळला गेलो, विहिरीवरची मोटर भरायला टाकायची होती. काम होईपर्यंत गजू म्हणाला, "चला मास्तर, त्या चिनी बायांकडून स्वेटर घेऊ." दर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला पाल लावून बसतात त्या. मी वाटेत त्याचा वर्ग घेतला: बापा, हे तिबेटी लोक. चीननं त्यांचा देश घेतला, 1959 साली दलाई लामा निघून आले, मागोमाग हे आले. त्यांना चिनी म्हणणं म्हणजे ज्याच्या भीतीनं घर सोडलं त्याच्याच घरचं ठरवणं. गजूनं 'हौ, हौ' केलं. पण पालात शिरल्यावर त्याला राहवलं नाही.

"ताई, आप चीन के हो क्या?"

बाईनं स्वेटरची घडी मोडली नाही, मानही वर केली नाही. "गोंदिया के. अर्जुनी मोरगाव. आप?"

गजूनं माझ्याकडं पाहिलं. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी लोकांची वसाहत आहे, 1972 पासून. म्हणजे ही बाई जन्मापासूनच आमच्यासारखी विदर्भातली असणार. हे सांगायचं माझ्या भाषणात राहून गेलं होतं.

"दारव्हा," गजू म्हणाला.

"वहां की बस उधर से छूटती है, पांच बजे," ती म्हणाली आणि मरून रंगाचा स्वेटर त्याच्या छातीला लावून पाहिला. तोकडा होता. मोठा माप पुढच्या आठवड्यात येईल, नंबर देऊन जा, म्हणाली. दोघांनी फोन काढले. गजू एकेक अक्षर दाबत होता, मी हळूच वाकून पाहिलं. 'गोंदियावाली स्वेटर'. आमच्या गावात सुनांना माहेरच्या गावावरून ओळखतात. माझ्या बायकोला लग्नाला चाळीस वर्षं झाली, ती अजून पुसदवालीच आहे.

"आपका नाम क्या लिखूं?" बाईनं विचारलं.

गजूनं एकदा माझ्याकडं पाहिलं.

"गजानन राऊत," तो म्हणाला. "पूरा लिखो."