सासऱ्यांचं बेट आणि माझी अकरा महिन्यांची फाईल (माझा अनुभव)

सासऱ्यांचा सरकारी भरपाईचा क्लेम गेल्या महिन्यात पास झाला. लिहू की नको असं चाललं होतं पण डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहूनच टाकते.

आम्ही अलास्कात राहतो, नवरा इथलाच. बाबा (सासऱ्यांना मी बाबाच म्हणते, त्यांनाही आता सवय झालीय) 1971 मध्ये बावीस वर्षांचे होते आणि अमचिट्का बेटावर मेसमध्ये कुक होते. अलास्कातलंच बेट, पण इथलं मोठं शहर अँकरेज, तिथून दोन हजारांवर किलोमीटर, नुसता वारा आणि चिखल. तिथे अमेरिकेने जमिनीखाली तीन अणुचाचण्या केल्या, शेवटची 6 नोव्हेंबर 1971 ची कॅनिकिन, जवळपास 5 मेगाटन. ती रोखायला केस पार सुप्रीम कोर्टात गेली होती, त्याच दिवशी 4 विरुद्ध 3 ने निकाल लागला आणि मग उडवली.

बाबांना आता आतड्याचा कॅन्सर. 2000 साली झालेल्या कायद्याप्रमाणे ठरावीक कॅन्सर असेल आणि 1 जानेवारी 1974 च्या आधी तिथे त्या चाचण्यांच्या कामात रेडिएशनशी संबंध आला असेल तर किती डोस बसला त्याचा हिशोब करत बसत नाहीत, 1,50,000 डॉलर आणि उपचाराचा खर्च मिळतो. डॉक्टरांचे कागद आठवड्यात जमले. मला वाटलं झालंच आता काम.

कसलं काय! अडलं कुठे, तर बाबा नोकरीला नक्की कोणाच्या होते यावर. असल्या लांबच्या जागी सरकार प्रत्येकाला स्वतः पगार देत नाही हो. वर अणुऊर्जा आयोग, मग बॉम्बवाली लॅब, मग मोठे कंत्राटदार, त्यांच्या हाताखाली ड्रिलिंगवाले, विमानवाले, बार्जवाले, आणि सगळ्यात तळाला अंडी तळणारे आमचे बाबा. त्यांची कंपनी पोटकंत्राटदार, कधीच बंद पडलेली, आणि पगाराच्या चिठ्ठीवर पत्ता अँकरेजचा! क्लेम तपासणाऱ्या सरकारी ऑफिसचं पत्र आलं की बेटावर काम केल्याचा पुरावा नाही. म्हणजे काय, बाबा अँकरेजमध्ये बसून रोज ऑम्लेट पाठवत होते?

तीन गोष्टी लागतात. माणूस त्या कंपनीत होता, कंपनीला त्या कामाचं कंत्राट होतं, आणि काम प्रत्यक्ष त्या जागेवर झालं. पहिली सोशल सिक्युरिटीच्या (इथलं सरकारी पेन्शनचं खातं) कमाईच्या रेकॉर्डवरून सिद्ध झाली (ते सगळ्यात आधी मागवा, मी शेवटी मागवलं आणि दोन महिने घालवले). तिसरीसाठी ईई-4 फॉर्मवर (नोकरीबद्दल दुसऱ्याने साक्ष लिहून द्यायचा फॉर्म) एका म्हाताऱ्या ड्रिलरने लिहून दिलं की याच्या हातचं मी रोज खाल्लंय. पण दुसरी? कंत्राट मी कुठून आणू? फोन केला की पाऊण तास संगीत, मग नवीन बाई, मग पहिल्यापासून सगळी कथा. एकीने विचारलं, कंपनीला पत्र का लिहित नाही? अहो बाई, कंपनीच नाहीये! अकरा महिने हेच. फोन केला की तारीख आणि नाव वहीत लिहा, मी सहाव्या फोननंतर लिहायला लागले. सासूबाई म्हणायच्या सोड, पण मी हट्टाला पेटले होते.

शेवटी सासूबाईंच्याच बिस्किटाच्या डब्यात एक टाईप केलेला कागद सापडला, बेटावर जाणाऱ्यांसाठी सूचना. वर कंपनीचं नाव, खाली कोणत्या कंत्राटदाराच्या कॅम्पमध्ये हजर व्हायचं, विमान वाऱ्यामुळे परत फिरलं तर काय करायचं, आणि लोकरीचे मोजे जास्तीचे आणा. त्या मोज्यांच्या कागदावर क्लेम पास झाला! बाबा म्हणाले, मोजे तरी कुठे नेले होते मी.

अजून एक राहिलंच, पहिल्या क्लेमला वकील मिळालेल्या रकमेच्या 2 टक्क्यांच्या वर फी घेऊ शकत नाही, आमच्याकडे एकजण 20 मागत होता, त्याला तसाच वाटेला लावला. आणि ओरिजिनल कधीच पाठवू नका, कॉपीच द्या. आमचा ओरिजिनल मी कौतुकाने लॅमिनेट करून घेतला. जुने कागद लॅमिनेट करायचे नसतात हे मला नंतर कळलं.