बोल्डर म्हणून लिहिलेले दगड

मी सर्व्हेचं काम करतो, नागपूरच्या आसपास, लेआउट, शेतीची मोजणी, रोड, जे येईल ते. जानेवारीत काटोल रोडच्या बाजूला एका पडीक जमिनीचं काम आलं, मालकाला प्लॉट पाडायचे होते. टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र लावलं, हेल्पर त्याचा प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) घेऊन फिरतोय, मोठा दगड आला की पॉइंट घ्यायचा आणि मी त्याला नावाचा कोड टाकायचो, बोल्डर, बोल्डर, बोल्डर.

दुपारी पळसाखाली डबा उघडला आणि लॅपटॉपवर पॉइंट उतरवले तर घास हातातच राहिला. दगडांचे तीन गोल होते! कर्कटकानं काढावेत तसे, मोठ्याचा व्यास 14 मीटर.

तिथं बकऱ्या चारणारे काकाजी म्हणाले, "जुनापाणीले जाऊन पाहा ना भाऊ, तिथी असेच आहेत, सरकारचा बोर्डबी हाय."

संध्याकाळी गेलोच. जुनापाणीला अशी जवळपास 300 शिळावर्तुळं, म्हणजे दगडांचे गोल आहेत, लोहयुगातल्या लोकांची दफनं, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. गोलाच्या आत माती आणि गोट्यांचा भराव, त्याखाली माणसासोबत ठेवलेल्या वस्तू. इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं खोदलं, नंतर 1961-62 मध्ये पुरातत्त्व खात्यानं. लोखंडी हत्यारं, काळी-तांबडी मडकी, घोड्याचा लोखंडी लगामसुद्धा निघाला. जवळच्या माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने सापडलेत आणि नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. म्हणजे आपल्या या मातीत लोक लोखंड काढत होते, घोड्यांना सजवत होते, आणि मी बारा वर्षं याच भागात मोजणी करतोय, मला पत्ता नाही, याचं फार वाईट वाटलं.

काही दगडांवर कोरलेले छोटे खळगे आहेत, ओळीनं. मी अंगठा ठेवून पाहिला, बरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात आमच्या साइटवरचे दगड एकेक करून परत पाहिले. एकावर काटेरी झुडूप वाढलेलं, हेल्परनं ते बाजूला केलं आणि बाटलीतलं पाणी ओतलं तर नऊ खळगे भरले, चमकले. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग कोड बदलला. तिन्ही गोल वेगळ्या लेयरवर लाल रंगात काढले, नागपूरच्या पुरातत्त्व ऑफिसात नकाशासकट अर्ज दिला आणि मालकाला सांगितलं की उत्तर येईपर्यंत जेसीबी लावू नका. तो भडकला, कारण मधल्या गोलावरूनच त्याचा 9 मीटरचा रस्ता जात होता. रस्ता पूर्वेला सरकवून दुसरं ड्रॉइंग मी फुकट करून दिलंय, चार प्लॉट कमी होतात त्यात, सध्या ते त्याच्या टेबलावर आहे.