४५ लाख कोटी आणि चर्चा शून्य

बजेट म्हटलं की आपण १ फेब्रुवारीला टीव्ही लावतो, इन्कम टॅक्सचे स्लॅब बघतो आणि विषय संपला असं समजतो. पण ते नुसतं भाषण असतं. पैसे खर्च करायला लोकसभा खरी मंजुरी देते ती नंतर, एकेका मंत्रालयाच्या अनुदान मागण्या मताला टाकून, आणि तिथे जे चाललंय ते बघून मला मनापासून संताप येतो.

२३ मार्च २०२३ चंच घ्या. विरोधकांना अदानी उद्योगसमूहाच्या प्रकरणात जेपीसी, म्हणजे संयुक्त संसदीय समितीची चौकशी पाहिजे होती, भाजपला राहुल गांधींकडून लंडनमधल्या वक्तव्यांबद्दल माफी पाहिजे होती, दोन्ही बाकांवरून घोषणा, म्हणजे ज्यांचं बजेट आहे तेही ओरडतायत आणि ज्यांनी त्याला जाब विचारायचा तेही. शेवटी अध्यक्षांनी गिलोटिन लावलं, म्हणजे उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकल्या, आणि त्या वर्षी उरलेल्या म्हणजे सगळ्याच होत्या. आवाजी मतदान झालं आणि सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च काही मिनिटांत मंजूर! शेती, आरोग्य, शिक्षण, संरक्षण, एकाही मंत्रालयावर चर्चा नाही.

दुसऱ्या दिवशी वित्त विधेयक, म्हणजे बजेटमधले कराचे बदल लागू करणारं विधेयक, तेही तसंच गेलं, ६४ सरकारी दुरुस्त्यांसकट. त्यात एक अशी होती की डेट म्युच्युअल फंडात (कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारे फंड) १ एप्रिलनंतर पैसे टाकले तर इंडेक्सेशनचा, म्हणजे महागाई वजा करून उरलेल्या नफ्यावरच कर भरण्याचा फायदा मिळणार नाही. १ फेब्रुवारीच्या भाषणात हे नव्हतंच. रिटायरमेंटचे पैसे अशा फंडात ठेवणारी कितीतरी माणसं आहेत, त्यांच्या वतीने "का बदलताय" एवढं विचारायला सुद्धा सभागृहात कोणाला वेळ मिळाला नाही.

आणि हे एकाच पक्षाचं नाही. २०१३ मध्ये यूपीए सरकार होतं, कोळसा घोटाळ्यावरून भाजपने सभागृह चालू दिलं नाही, तेव्हाही मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. २०१८ मध्ये पुन्हा तेच, आणि त्या वर्षीच्या वित्त विधेयकात तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातली दुरुस्ती होती, थेट १९७६ पासून मागे जाऊन लागू होणारी, म्हणजे राजकीय पक्षांनी आधी घेतलेल्या देणग्यांनाही संरक्षण देणारी. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने याच कायद्याच्या उल्लंघनाचा ठपका भाजप आणि काँग्रेस दोघांवरही ठेवला होता. म्हणजे फायदा दोघांचा, गदारोळ चालू, आणि दुरुस्ती पास. हे मला अजूनही पचत नाही.

थोडंफार गिलोटिन दरवर्षीच लागतं, सगळ्या मंत्रालयांवर बोलायला वेळ नसतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विरोधकांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बहुमत असलेलं सरकार मागण्यांवर हरत नाही, त्यामुळे कामकाज बंद पडलं तरी त्याचं काही जात नाही, उलट उत्तरं द्यायची वाचतात. विरोधकांच्या हातात असतं ते फक्त बोलणं आणि कपात सूचना, म्हणजे अमुक खात्याची मागणी १०० रुपयांनी कमी करा किंवा धोरणच मान्य नसेल तर १ रुपयावर आणा. पैसे खरंच कमी होत नाहीत, पण मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं. गिलोटिनमध्ये त्या सगळ्या सूचनाही एका झटक्यात फेटाळल्या जातात.

जास्त वाईट वाटतं ते स्थायी समित्यांचं. १९९३ पासून या समित्या आहेत, सगळ्या पक्षांचे खासदार त्यात असतात, अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत अधिकाऱ्यांना बोलावून खर्चाची छाननी करतात, मागच्या वर्षीचा पैसा का पडून राहिला ते विचारतात. कॅमेरे नसतात म्हणून असेल, पण तिथे काम होतं. मग ते अहवाल सभागृहात येतात आणि घोषणा चालू असताना टेबलावर तसेच राहतात.

ब्रिटिश संसदेत दर सत्रात २० दिवस विरोधी पक्षांचे असतात, विषय ते ठरवतात. लोकसभेत असा एकही दिवस नाही, म्हणून अदानीवर बोलायचं तरी बजेटच अडवावं लागतं. विरोधकांना आठवड्यातून एक दिवस द्या, त्या दिवशी सरकारला हवं तेवढं धारेवर धरू दे, आणि त्या बदल्यात निदान दहा मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा झाल्याशिवाय गिलोटिन लावता येणार नाही असं नियमातच लिहा. दोन्ही बाजूंनी ठरवलं तर यासाठी घटनादुरुस्ती सुद्धा लागत नाही.