यमुनाईची पाटी: सात दांड्यांचा घोळ

सांगली, तिसरा रविवार. विश्रामबागेतल्या मावशीच्या 'यमुनाई' या घराची इंग्रजी पाटी अजून कागदावरच. मावसभावाला न्यूयॉर्क टाइम्सच्या नावासारखं ठसठशीत ब्लॅकलेटर हवंय, म्हणजे जुन्या युरोपीय हस्तलिखितांतलं जाड, टोकदार वळण. त्यातलं मी टेक्स्टुरा हे उभं, दाट वळण धरलं. गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमाराला ४२ ओळींचं बायबल छापलं ते याच वळणात.

पायलट पॅरलल हे चपट्या निबेचं पेन, ६ मिमी निब, कोन ४५ अंश. लहान अक्षराची उंची साधारण निबेच्या पाचपट ठेवतात, म्हणजे ३० मिमी. मी चारपटच ठेवली, २४. दांडा, म्हणजे अक्षराची उभी रेघ, तेवढाच जाड आणि अक्षर बुटकं, त्यामुळे काळेपणा अंगावर येतो. पाटीला तोच हवा होता. दोन दांड्यांमध्ये दांड्याएवढंच पांढरं सोडायचं, मग ओळ विणल्यासारखी दिसते. टेक्स्टुरा हे नावही विणण्यावरूनच आलंय.

तिथंच घोळ झाला. यमुनाईच्या स्पेलिंगमध्ये एम, यू, एन शेजारीशेजारी. तीन, दोन, दोन: सलग सात दांडे! मावशीनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "हे कुंपण कुणाच्या शेताचं रे?"

भावाचा तोडगा, "सगळी कॅपिटल काढ की." ब्लॅकलेटरचं प्रत्येक कॅपिटल नटूनथटून आलेलं. सात कॅपिटल म्हणजे एका मांडवात सात नवरदेव. वाचणाऱ्यानं हार घालायचा कुणाला? साफ नाही म्हणालो.

जागा वाढवून पाहिली. वाचता आलं, पण वीण उसवली. शेवटी जोडांवर आलो. यूचे दांडे खाली जोडलेले, वर सुटे. एनचे बरोबर उलटे. हे जोड मी आखडते घेतले होते, ते निबेच्या कोपऱ्यानं केसाएवढ्या रेघेनं मोकळे केले. आयवर टिंबाऐवजी बारीक तिरपी रेघ दिली. दांड्यांच्या गर्दीत आय हरवू नये म्हणून जुने लेखनिक ती काढत. आजचं टिंब तिचंच वंशज. आमचा आय एच्या मागे सुखरूप आहे, रेघेची गरज नव्हती. पण शोभते.

आता मावशी वाचते. "यमुनै" वाचते, पण तो दोष स्पेलिंगचा.

तिला खाली मराठीतही नाव हवंय, पोस्टमनसाठी. देवनागरीचा बोरू उलट्या कापाचा, जाड-बारीक विरुद्ध बाजूला पडतं. वर शिरोरेषा सगळ्या दांड्यांना बांधून टाकते. बोरूचा कोन ठेवावा की वरच्या रोमन ओळीचाच लावावा, दोन्ही करून बघतोय. रोमन कोनातला 'य' बरा उतरलाय. 'ई' अजून पोट सुटल्यासारखी दिसते.