आवाज बंद करून खेळू नका

आमच्या दारव्हा तालुक्यात हरभऱ्याच्या ओलिताला लाईन रात्रीची येते. मोटर सुरू करून मी धुऱ्यावर बसतो आणि मोबाईलवर ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाईन गेम लावतो. बहुतेक पोरं गेमचा आवाज बंद ठेवतात, मला ते पटतच नाही. या गेमात नव्या भागात पाय टाकला की तिथली धून यादीत लालची हिरवी होते, म्हणजे आपल्याला मिळते. फिरल्याशिवाय बरंचसं संगीत मिळतच नाही!

जुनं बरंचसं संगीत इयान टेलरचं, मिडीवर बांधलेलं. मिडीत ध्वनिमुद्रण नसतं; कोणता सूर कधी, किती वेळ, एवढंच लिहिलेलं, म्हणून फाईल इवलीशी. गेममधल्या पोर्ट सरीम बंदराची धून तर इतकी उसळती, की मी मासे विकायचे सोडून बंदरावरच उभा राहतो. काकांना इअरफोन दिला, तर म्हणे, "बेंजो वाजून राह्यला का रे?" आता गेममधल्या विल्डरनेस या धोक्याच्या भागाकडे निघालोय, तिकडचं बरंच अजून लालच आहे.